मायामीची सहल : आधी समुद्राचं पंचांग पाहा!

मंडळी, थँक्सगिव्हिंग आटोपलं, अंगणात बर्फ साठू लागला, की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एक विषय हमखास निघतो : "यंदा उन्हात कुठे जायचं?" त्यातून भारतातून आई-बाबा आलेले असतील तर विचारायलाच नको. दोन-दोन स्वेटर घालून खिडकीशी बसून ते बिचारे कंटाळलेले असतात. कुणीतरी मायामीचं नाव काढतं, आणि दुसरं कुणी लगेच विमानाची तिकिटं बघायला लागतं. इथेच जरा थांबावं, एवढं सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. तिकीट नंतर, आधी समुद्र!

आपल्या मनात समुद्राचं एक पंचांग लहानपणापासून बसलेलं असतं. श्रावणात नारळी पौर्णिमा येते, पावसाचा जोर ओसरू लागतो, कोळीबांधव दर्याला नारळ वाहतात आणि होड्या पुन्हा समुद्रात जातात. म्हणजे ऑगस्टनंतर समुद्र शांत, असं आपलं गणित. फ्लोरिडात हे गणित बरोब्बर उलटं आहे. तिथला हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. उन्हाळाभर तापलेलं समुद्राचं पाणी हेच या वादळांचं इंधन, म्हणून ती उन्हाळा सरताना जोर धरतात. २४ ऑगस्ट १९९२ ला 'अँड्र्यू'ने मायामीच्या दक्षिणेचा भाग उद्ध्वस्त केला. १० सप्टेंबर २०१७ ला 'अर्मा' फ्लोरिडा कीज या बेटांवर आदळलं. २८ सप्टेंबर २०२२ ला 'इयन'ने पश्चिम किनारा झोडपला. तिन्ही वादळं त्या त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेनंतरची!

आम्ही स्वतः पहिल्या खेपेला सप्टेंबरमधलं स्वस्त तिकीट बघून भुललो होतो. वादळ सुदैवाने बाजूने निघून गेलं, पण तीन दिवस हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळत काढले आणि मुलांना समुद्र फक्त खिडकीतून दिसला. तिकीट स्वस्त का होतं, ते तेव्हा कळलं.

तेव्हा जायचं कधी? नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. हा तिथला कोरडा मोसम. जानेवारीत दुपारचं तापमान साधारण २४ अंश सेल्सियस असतं, म्हणजे आपल्याकडचं छान गुलाबी हवेचं दुपारचं ऊन. मधूनच उत्तरेकडून थंड वारे येतात, म्हणून आईची शाल आणि प्रत्येकाचा एक स्वेटर बॅगेत असू द्या. नाताळचे दोन आठवडे सगळ्यात महाग, आणि मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकच्या कॉलेजकुमारांची गर्दी. शाळेचं बंधन नसेल तर जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम. उन्हाळ्यातच जावं लागलं, तर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा आणि प्रवासाचा विमा आधीच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी सहसा उपयोगी पडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हवा चांगली म्हणजे समुद्र सुरक्षित, असं मात्र नाही. आपल्यापैकी पुष्कळांना पोहता येत नाही. जुहूला किंवा गणपतीपुळ्याला पँट दुमडून, साडी किंचित उचलून गुडघाभर पाण्यात उभं राहायची आपली सवय. तीच सवय इथे घेऊन आपण जातो, आणि मुलं तर गुडघ्यावर थांबतच नाहीत. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर खरा धोका आहे तो 'रिप करंट'चा. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत, समुद्राकडे वाहू लागतं. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला आठ फुटांपर्यंत जातो. एवढ्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकचा पोहणाराही टिकणार नाही. फसवी गोष्ट अशी, की दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना हा मधला पट्टा सपाट, शांत दिसतो. "इथे लाटा नाहीत, इथे उतरू या," असं म्हणून माणसं नेमकी तिथेच जातात.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो घाबरून, किनाऱ्याच्या दिशेने उलटं पोहत दमल्यामुळे. म्हणून घरातल्या प्रत्येकाला हे पाठ करून ठेवायला लावा : झुंजू नका, पाठीवर तरंगा, हात वर करून हाक मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, आणि मग तिरकं किनाऱ्याकडे वळा. दुसरं कुणी सापडलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. लाइफगार्डला बोलवा, ९११ फिरवा, आणि तरंगणारं काही, अगदी रिकामा आइसबॉक्ससुद्धा, त्याच्याकडे फेका. वाचवायला गेलेला बापच बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच चुकीपायी.

किनाऱ्यावरचे बावटेही ओळखून ठेवा. हिरवा म्हणजे धोका कमी, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जास्त. दोन लाल बावटे म्हणजे पाण्यात उतरायला मनाई. जांभळा बावटा म्हणजे पाण्यात जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव आहेत. थंडीच्या दिवसांत वारा समुद्रावरून आला की निळसर फुग्यासारखे 'मॅन ओ' वॉर' वाळूवर येऊन पडतात. मुंबईच्या चौपाटीवर पावसाळ्यात येणारे 'ब्लू बॉटल' त्यांचेच भाऊबंद. मेलेले दिसले तरी डंख मारतात, म्हणून लहान मुलांना हात लावू देऊ नका. आणि कितीही सुंदर किनारा असला तरी लाइफगार्ड नसेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, हा नियम बजेटइतकाच पक्का करा.

आता फिरण्याबद्दल. आई-बाबांबरोबरच्या सहलीचा एकच मंत्र : एका दिवसात एकच मोठा कार्यक्रम, आणि दुपारी विश्रांती. साउथ बीचच्या ओशन ड्राइव्हवरून सकाळी फेरफटका मारा. तिथल्या गोलसर कोपऱ्यांच्या, फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारती पाहून मुंबईकर बाबा नक्की म्हणतील, "अरे, हे तर आपलं मरीन ड्राइव्ह!" त्यांचं खरंच आहे. मुंबईच्या अशाच इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. दुसऱ्या दिवशी एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क. तिथल्या शार्क व्हॅलीत १५ मैलांची ट्रामची फेरी आहे, चालावं लागत नाही आणि रस्त्याकडेला ऊन खात पडलेले अ‍ॅलिगेटर बसल्या जागी दिसतात. तिकीट आधी काढा, आणि परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क वेगळं आहे का, तेही पाहून ठेवा.

की वेस्ट मात्र जाऊन-येऊन एका दिवसात करू नका. मायामीपासून ते सुमारे १६० मैल आहे. रस्ता अप्रतिम, ४२ पूल! हेन्री फ्लॅग्लरने समुद्रावरून नेलेली रेल्वे १९१२ मध्ये की वेस्टला पोचली, १९३५ च्या हरिकेनने ती मोडली, आणि त्याच मार्गावर १९३८ मध्ये मोटारींचा रस्ता झाला. एक रात्र मुक्काम करता येत नसेल, तर अर्ध्या वाटेवर मॅरेथॉन गावी थांबा (नाव ऐकून कुणी 'मराठी' समजू नये!) आणि जुन्या सेव्हन माइल ब्रिजवर पायी फिरून परत या. कीजमध्ये लांबलचक वाळूचे किनारे फारसे नाहीत, हेही मुलांना आधीच सांगा. बाहेरचं प्रवाळ लाटा अडवतं, त्यामुळे वाळू साचत नाही.

खाण्याची काळजी नको. किचनेट असलेली खोली घ्या, छोटा कुकर आणि थोडे डाळ-तांदूळ बरोबर ठेवा. लिटल हवानात क्यूबन लोकांचा 'ग्वारापो' मिळतो, म्हणजे चक्क आपला उसाचा रस! होमस्टेडच्या बाजूला फळांच्या बागा आहेत, तिथे मोसमाप्रमाणे चिकू, फणस मिळतात. शाकाहारी मंडळींनी क्यूबन राजमा-भात मागवताना त्यात डुकराची चरबी आहे का, ते अवश्य विचारावं.

शेवटी कागदपत्रं. देशातल्या विमानासाठी आई-बाबांचा भारतीय पासपोर्ट चालतो, तो हातातल्या बॅगेत ठेवा. त्यांचा आरोग्यविमा जुन्या आजारांना किती लागू आहे, ते निघण्याआधी वाचा. औषधं चार दिवस जास्तीची घ्या. मायामीहून बहामाची क्रूझ स्वस्त दिसली तरी एकदम भुलू नका. क्रूझ म्हणजे देशाबाहेर जाणं. तिथला व्हिसा आणि इथे परत येण्याचे नियम विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आणि हो, जानेवारीत जायचं असेल तर तयारी आत्ताच सुरू करा, मुलांना पोहण्याच्या वर्गात घालून. आपल्यालाही लाज वाटायचं कारण नाही, वायएमसीएमध्ये मोठ्यांसाठीही वर्ग असतात. हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्यात पोहणं शिकून होत असेल, तर त्याहून चांगला विमा कुठला?

किनाऱ्यावर पोचल्यावर समुद्राला नमस्कार जरूर करा, नारळ मात्र मनातल्या मनात वाहा. वाळू स्वच्छ राहील. सहलीच्या बजेटातून चार डॉलर उरलेच, तर ते कुठे द्यायचे, हे या पुस्तिकेच्या वाचकांना मी सांगायला नको!