मागचा वायपर पुसत नाही? मोटर बदलण्याआधी दाब पाहा

गेल्या पावसाळ्यात कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरताना आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर लाल चिखलाचा थर बसला. वायपर लावला. तो इमानेइतबारे डावीउजवीकडे फिरला, पण काच काही पुसली गेली नाही. शेणाने अंगण सारवावे तसा चिखल सारखा पसरला. गावात शिरल्यावर एका अरुंद गल्लीत गाडी मागे घेत असताना कोणीतरी जोरात ओरडले, म्हणून आम्ही ब्रेक दाबला. उतरून पाहतो तो गाडीमागे दोन हातांवर शाळेची दोन पोरे एका छत्रीत उभी! त्या दिवशी आमचे पाय लटपटले, हे कबूल करायला हवे.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गाडी दाखवली. पाच मिनिटांत निदान झाले, मोटर कमजोर आहे. नवी मोटर बसली, नवे ब्लेड बसले, पैसे गेले आणि काच तशीच राहिली. पुढे मोहल्ल्यातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वायपर चालूसुद्धा केला नाही. दांडी काचेपासून बोटभर उचलली आणि सोडली. ती लगेच काचेला भिडायला हवी होती. ती हवेतच अडकून राहिली. मिस्त्री म्हणाले, ‘‘भाईसाब, मोटर फक्त फिरवते. पुसतो तो दाब. दाबच नाही तर पुसणार काय?’’

या एका वाक्यात सगळा धडा आहे. आपल्या बिरादरीत गॅरेज, सुटे भाग आणि टॅक्सीच्या धंद्यात असलेले बंधू पुष्कळ. त्यांच्या उपयोगासाठी हा विषय आम्ही नीट समजून घेतला, तो येथे देत आहोत.

मागची काच इतकी का माखते?

गाडी धावते तेव्हा हवा छतावरून मागे जाते. ज्या गाडीची पाठ सरळ उभी कापलेली असते, तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेले पाणी, चिखल, धूर तिथे घुटमळून काचेवर येऊन बसतात. उतरत्या काचेच्या सेडान गाडीत हा त्रास कमी. म्हणूनच मागचा वायपर मुख्यतः हॅचबॅक, व्हॅन आणि जीपवळणाच्या गाड्यांना असतो. तो शोभेची वस्तू नव्हे.

दाबाचे महत्त्वही नवीन नाही. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी 1903 साली हाताने चालवायच्या वायपरचे पेटंट घेतले. रबर काचेला चिकटून राहावे याची योजना त्या पहिल्या यंत्रातही होती.

तपासणीचा क्रम

स्वस्तापासून महागाकडे जावे, असा आमचा आग्रह आहे. आधी काच, मग रबर, मग दांडी, मग पाणी आणि सगळ्यांत शेवटी मोटर.

काच : अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. डिझेलचा काजळ, धुलाईवाल्याने मारलेले पॉलिश आणि बोअरच्या पाण्याचे डाग यांचा पातळ थर काचेवर असेल, तर नवे रबरही धूसर पट्टा सोडते. भांडी घासायच्या साबणाने काच धुवावी, भरपूर पाण्याने साबण काढावा आणि ओल्या कागदाने पुसावी. पाणी थेंबाथेंबाने न राहता सपाट पसरले, तर तेलकटपणा गेला असे समजावे. कधी कधी धूसरपणा बाहेर नसून आतल्या बाजूला असतो. आतून पुसताना मात्र काच तापवणाऱ्या बारीक रेषांच्या दिशेनेच फडके फिरवावे, आडवे घासू नये. रेष तुटली की तेवढा भाग तापत नाही.

रबर : पुढच्या वायपरपेक्षा मागचा फार कमी वापरला जातो, पण ऊन दोघांनाही सारखेच. महिनोन्‌महिने एकाच बाजूला वाकून पडलेले रबर तसेच ताठ होते. खरे तर दांडी दिशा बदलते तेव्हा रबराची धारही उलटून दुसऱ्या बाजूला कलली पाहिजे. ती कलली नाही की वायपर जाताना बरा पुसतो आणि येताना खडखड उड्या मारतो. धारेवर बोट फिरवून चिरा आणि खाचा पाहाव्यात. ओल्या फडक्याने पुसून काळे निघाले तर एकदा वापरून पाहावे. पट्टी कडक झाली असेल तर बदलावी. धारेवर सँडपेपर घासण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती चार दिवसांची मलमपट्टी होय, कारण धारेवरचा गुळगुळीत लेप त्याने निघून जातो.

दांडी : आता मुद्द्याची गोष्ट. दांडीच्या बुडाशी एक सांधा असतो. त्यात पिन आणि आत ताणाची स्प्रिंग. पावसाचे पाणी आणि कोकणची खारी हवा लागून ही पिन गंजते. सांधा जाम झाला की स्प्रिंग शाबूत असूनही तिचा जोर काचेपर्यंत पोहोचत नाही. हात खाली धरून दांडी थोडी उचलावी व सावकाश सोडावी. ती अडखळली तर रोग सापडला. काही गाड्यांत छताच्या पट्टीमुळे दांडी पूर्ण उभी राहत नाही, तिथे जोर करू नये.

दाब मोजायचाही सोपा उपाय आहे. हुकाचा छोटा स्प्रिंगकाटा ब्लेड जिथे दांडीला जोडले आहे तिथे अडकवून काचेशी काटकोनात ओढावा. ब्लेड काच सोडते त्या क्षणी आकडा वाचावा. ब्लेडच्या दर सेंटिमीटरला सुमारे 15 ग्रॅम हा ढोबळ हिशेब. म्हणजे 30 सेंटिमीटरच्या ब्लेडला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. आकडा याच्या निम्म्यावर आला असेल, तर नवे ब्लेड विकून काही साधणार नाही. काटा नसेल तर वर्तमानपत्राची पट्टी ब्लेडखाली दोन्ही टोकांना आणि मध्ये सरकवून ओढावी. तिन्ही ठिकाणी सारखी पकड हवी.

दुरुस्ती अशी : ब्लेड काढून ठेवावे, काचेवर जाड फडके टाकावे. सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडून काही वेळ थांबावे आणि दांडी तिच्या मर्यादेत तीसचाळीस वेळा वरखाली करावी. लाल पाणी निघेल, ते पुसावे, पुन्हा तेल द्यावे. सांधा मोकळा झाला की उरलेले तेल स्वच्छ टिपून थोडे ग्रीस भरावे. तेलाचा एक थेंबही रबराला वा काचेला लागता कामा नये. स्प्रिंगच ढिली पडली असेल तर मात्र दांडी बदलणे बरे.

सांधा मोकळा होऊनही एकाच दिशेने खडखड होत असेल, तर दांडीला पीळ पडला आहे का पाहावे. काचेच्या मध्यावर ब्लेड काचेला काटकोनात उभे हवे. कललेले असेल तर दोन पान्ह्यांनी दांडी काचेपासून दूर धरून हलकेच पीळ काढावा.

पाणी : मागच्या काचेला कोरडे पुसणे म्हणजे रबराची हत्या. बहुतेक गाड्यांत पाणी पुढच्या टाकीतून लांब पाइपाने मागे येते. डिकीचे दार उघडझाप होते तिथे हा पाइप वाकून वाकून चिरतो किंवा निसटतो आणि पाणी आत छताच्या कापडात झिरपते. नोझल क्षारांनी तुंबले असेल तर बारीक सुईने मोकळे करावे.

मोटर : दांडी संथ फिरते किंवा मध्येच थांबते, तरच मोटरकडे वळावे. तेव्हासुद्धा आधी त्याच बिजागरीजवळच्या तारा पाहाव्यात, कारण त्या तिथेच तुटतात. मोटरचा दांडा गंजून जाम झाला आहे का, हे नंतर.

एक धोक्याची सूचना

दांडी काढताना नट सोडण्याआधी काचेवर टेपने तिची जागा खुणावून ठेवावी. नट निघाला तरी दांडी दात्यांवर घट्ट बसलेली असते. तिथे स्क्रूड्रायव्हर काचेवर टेकवून उचकटू नये आणि हातोडाही मारू नये. मागची काच बहुधा कडक केलेली असते; कडेला किंवा भोकाजवळ एक चुकीचा ठोका बसला, तर क्षणात तिचे खड्यांसारखे तुकडे होतात आणि शेकड्याच्या कामापायी हजारोंची भरपाई गळ्यात पडते. बॅटरीचे टर्मिनल काढायचा छोटा पुलर मिळतो, तो इथे उत्तम चालतो.

धंद्याच्या दृष्टीने

कोणी म्हणेल, सांध्याला तेल देऊन मिळणार किती? मोटर विकली तर चार पैसे सुटतात. हिशेब वरवर बरोबर आहे. पण आमचाच दाखला घ्या. मोटर बसवणाऱ्या गॅरेजाची पायरी आम्ही पुन्हा चढलो नाही. मिस्त्रींनी तासाभराची मजुरी घेतली, जुनी पिन कशी गंजली होती ते दाखवले आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या तीन गाड्यांचे काम त्यांच्याकडेच जाते. दुकानदारी अशीच वाढते.

गॅरेजवाल्या बंधूंना आमची सूचना अशी की मे महिन्यातच ‘पावसाळी तपासणी’ सुरू करावी. पुढचे दोन आणि मागचा एक वायपर, पाण्याचा पाइप, काचेची धुलाई, असे मिळून ठरलेली मजुरी घ्यावी. सुट्या भागांच्या दुकानदारांनी मागची ब्लेडे मापाप्रमाणे लावून ठेवावीत. मागच्या ब्लेडची पकड गाडीगणिक वेगळी असते, म्हणून गिऱ्हाइकाला जुने ब्लेड घेऊन यायला सांगावे. भाग बदललाच, तर जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि पावतीवर निदान लिहावे.

गिऱ्हाइकाची गाडी आपल्या दारात उभी असते तेव्हा ती अमानत असते. तिच्या मागच्या काचेतून त्याला गल्लीतली मुले दिसायची असतात. ती त्याला स्वच्छ दिसावीत, एवढेच आपले काम आहे; ते तेलाच्या चार थेंबांत होत असेल, तर चार थेंबांचेच पैसे घ्यावेत.