दिवेलागणीला दरवळणारा ब्रुगमॅन्शिया
उटी किंवा दार्जिलिंगला गेलात, तर कुंपणालगत कर्ण्यासारखी खाली लोंबणारी वीतभर फुले नजरेत भरतात. हा ब्रुगमॅन्शिया, आपल्या धोतऱ्याचा दक्षिण अमेरिकेतील भाऊबंद. धोतऱ्याचे फूल वर पाहते, याचे खाली. धोतऱ्याचे फळ काटेरी, याचे गुळगुळीत. सुगंध मात्र संध्याकाळ झाल्यावरच!

फांदीपासून रोप सहज होते. पण फांदी कुठली घ्यायची, यातच खरी गंमत आहे. हे झाड आधी सरळ वाढते, मग त्याला बेचके फुटते आणि त्यानंतरच फुले येतात. बेचक्याच्या वरची फांदी लावलीत, तर झाड बुटके राहून लवकर फुलते. कुंडीसाठी तीच घ्या. खालची फांदी आधी उंची गाठत बसते.

पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या. शेंड्याची एकदोन पाने ठेवून बाकीची काढा आणि वाळूमिश्रित मातीत, सावलीत लावा. काही आठवड्यांत मुळे धरतात. पुढे मोठी कुंडी, भरपूर खत-पाणी हवे. दुपारचे कडक ऊन टाळा.

मात्र हे झाड पानाफुलांपासून बियांपर्यंत विषारी आहे. छाटणी करताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. रस डोळ्यात गेला, तर बाहुली विस्फारून धूसर दिसू लागते. घरात रांगते मूल असेल, तर ही हौस थोडी लांबवलेलीच बरी. चुकून कुणी पान-फूल चघळलेच, तर लक्षणांची वाट पाहू नका. झाडाची डहाळी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.