अडीच माणसांची फरशी

‘गर्दीत शिरलं की माणसाचं जनावर का होतं?’ सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या वाचून नाशिकच्या एका वाचकांनी हा प्रश्न पाठवला आहे. २००३च्या सिंहस्थात तिथल्या चिंचोळ्या रस्त्यावर ३९ माणसं गेली, त्याची आठवण त्यांच्या मनात ताजी आहे. पण माझं उत्तर असं, की माणसाचं जनावर होतच नाही.

इंग्रजी वर्तमानपत्रं अशा घटनेला ‘स्टॅम्पीड’ म्हणतात. तो शब्द गुराख्यांचा, बुजून उधळलेल्या कळपासाठीचा. आपला शब्द आहे चेंगराचेंगरी. यात कुणी उधळत नाही, माणसं चेंगरतात. मला आपला शब्द शास्त्राच्या फार जवळचा वाटतो, कारण पळायला जागा असती तर यातली बहुतेक माणसं वाचली असती.

गर्दीला बुद्धी नसते, हा समज रुजवण्यात गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाच्या १८९५च्या पुस्तकाचा मोठा हात आहे. तो समज तपासायला प्रत्यक्ष आपत्तीतून वाचलेल्यांकडे गेलेल्या एन्रिको क्वारांटेली यांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. शिकागो विद्यापीठात शिकत असताना त्यांनी प्रबंधासाठी ‘पॅनिक’ हाच विषय घेतला. अडचण अशी झाली, की बेभान होऊन पळणाऱ्या माणसांची उदाहरणंच पुरेशी मिळेनात. सापडत होती ती शेजाऱ्याला हाका मारणारी, पोरं गोळा करणारी, एकमेकांना ओढून काढणारी माणसं. १९६३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आपत्तींच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं आणि पुढची कित्येक दशकं हेच पुन्हा पुन्हा दाखवून दिलं.

माणसं घाबरायला हवं त्यापेक्षा उशिरा घाबरतात, हा खरा धोका. मे १९७७ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीमध्ये एका मोठ्या सपर क्लबला आग लागली. विनोदी कार्यक्रम रंगात आला होता. टेबलं आवरणारा अठरा वर्षांचा एक पोरगा थेट रंगमंचावर गेला, त्यानं माईक हातात घेतला, बाहेर पडायची दारं दाखवली आणि सगळ्यांना निघायला सांगितलं. काही प्रेक्षकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि ते बसून राहिले. त्या आगीत १६५ जण गेले, पण त्या पोरामुळे शेकडो वाचले. खरं सांगितलं तर लोक बिथरतील या भीतीनं घोषणा लांबवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

मग चेंगराचेंगरी होते कशानं? घरातली दोन फूट बाय दोन फुटांची फरशी डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर दीड माणूस, म्हणजे चौरस मीटरला चार, इथवर आपण आपल्या पायांनी चालतो. त्याच फरशीवर अडीच माणसं आली, की चौरस मीटरला जवळपास सात होतात. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्यानं म्हटलंय, की या टप्प्यावर गर्दी द्रवासारखी वागू लागते. मागचा एक धक्का लाटेसारखा पुढे सरकतो आणि माणसाला तीन-तीन मीटर फेकतो. दादरच्या पुलावर सकाळी नऊच्या सुमाराला मी याची पुसटशी चव घेतली आहे. पाठीवर कुणाची तरी सॅक रुतलेली, माझे हात छातीशी अडकलेले, आणि पायरी पायाखाली येण्याआधीच मी खाली उतरलेलो. कुणीही मला ढकलत नव्हतं. माझ्या मागच्या माणसालाही त्याच्या मागचा दिसत नव्हता.

अशा दाबात माणूस बहुतेकदा तुडवला जाऊन मरत नाही, गुदमरून मरतो. श्वास सोडता येतो, पण परत घ्यायला छातीला फुगायला जागा उरत नाही. काही जण उभ्या उभ्याच जातात.

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याचा आदला दिवस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही मुंबईतली स्थानकं जोडणाऱ्या पुलावर सकाळी पावसामुळे माणसं थबकली, खालून लोकल रिकाम्या होत राहिल्या, जिना अरुंद. २३ जण गेले. कुणाचं तरी ‘फूल गिर गया’ हे ‘पूल गिर गया’ असं ऐकलं गेलं, ही गोष्ट तेव्हा घरोघरी पोचली, आणि अजूनही लोक अफवेचीच आठवण काढतात. पण अफवा ऐकून हलायलाही जागा लागते. रुंद पुलाची प्रवाशांची मागणी जुनी होती. लष्करानं बांधलेला नवा पूल पाच महिन्यांत, फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

आता गर्दीवर लक्ष ठेवणाऱ्या एआय कॅमेऱ्यांचा गाजावाजा सुरू आहे. डोकी मोजणं चांगलंच, पण आकडा दिसल्यावर एक किलोमीटर मागे लोंढा थांबवायचा अधिकार कुणाला आहे, हे मी आधी विचारीन. पुढे चेंगरणाऱ्याचा आवाज मागच्याला कधीच ऐकू येत नाही.

दुर्घटनेनंतर वर्तमानपत्रात विखुरलेल्या चपलांचा फोटो येतो आणि आपण समजतो, पळताना सुटल्या असतील. फ्रुइन यांनी लिहून ठेवलंय, की त्या दाबात माणूस बुटातून अक्षरशः वर उचलला जातो. चपला जागच्या जागीच राहतात.