कललेली मोटार

कर्ली नदी व समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावी खारे वारे लोखंडास सुखाने नांदू देत नाहीत. कुर्ल्यास घडलेली एखादी जुनी पद्मिनी ज्यांनी जपली आहे, त्यांस तिचे नाक एका अंगास झुकलेले दिसले, की पहिला संशय शॉकअॅब्सॉर्बरवर जातो. तो बिचारा निरपराध! त्याचे काम झोके आवरण्याचे. भार पेलते ती वेटोळ्याची स्प्रिंग.

रिकामी गाडी वाळूत नव्हे, सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोहों बाजूंस माप घ्यावे. म्हणजे मऊ टायरचा घोटाळा टळतो. फरक आढळल्यास पुढच्या चाकांस दगड लावून मागचा आस बरोबर मधोमध जॅकवर उचलावा. पुढचा भाग समतोल झाला, तर दोष मागच्या पाट्यांचा. न झाला, तर मिस्त्रीकडून पुढच्या स्प्रिंगांची अदलाबदल करवावी. कल त्यांबरोबर दुसरीकडे गेला, तर स्प्रिंग बसली. जागीच राहिला, तर बुश तरी झिजले असतील, नाही तर स्प्रिंगची बैठक गंजाने खचली असेल. समुद्रकाठी ही बैठकच आधी ठोकून पाहावी, असे आमचे मत आहे. तेथील पत्रा फाटल्यास चाक जागचे हलते. दाबलेली स्प्रिंग घरी मात्र कोणी सोडू नये. ती निसटली तर हात मोडते.