काटेरी कळी आणि तिच्याभोवतीचे गैरसमज

हिरवट, खवल्याखवल्यांचा आर्टिचोक पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते फळ वाटतं, नाहीतर कोबीचा कुठला तरी काटेरी भाऊबंद. दोन्ही समज चुकीचे. आर्टिचोक म्हणजे न उमललेली कळी. झाडावर राहू दिली तर तिचं जांभळ्या-निळ्या तंतूंचं मोठं फूल होतं, आणि मग ती खाण्याजोगी राहत नाही. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातली ही वनस्पती. त्यातही जवळचं नातं आपल्या सोलापूरकडच्या करडईशी. करडईची कोवळी पानं भाजीला चालतात, जून झाली की टोचतात. आर्टिचोकचंही तसंच आहे: कोवळं काय आणि जून काय, एवढं ओळखता आलं की अर्धा स्वयंपाक झाला.

एवढं सोलायचं आणि हाती चमचाभर गर, ही नेहमीची तक्रार. तिच्यामागे एक गैरसमज आहे. फक्त मधला गाभा खायचा असतो, बाकी सगळं टाकायचं, असं अनेकांना वाटतं. खरं तर प्रत्येक खवल्याच्या बुडाशी गर असतो. अख्खा आर्टिचोक शिजवला की एकेक खवला ओढायचा, वितळलेल्या लोण्यात किंवा लिंबू पिळलेल्या ऑलिव्ह तेलात बुडवायचा आणि शेवग्याच्या शेंगेसारखा दातांनी ओरबाडून चोथा बाजूला ठेवायचा. शेवग्यावर वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. देठही टाकू नये. वरची तंतुमय साल काढली की आतला फिकट भाग गाभ्याच्याच चवीचा असतो.

गाभ्यावर बसलेली कुसळं मात्र काढायलाच हवीत. ती विषारी असतात असं काही जण सांगतात, ते खरं नाही. ती न उमललेली फुलंच आहेत. पण जून कळीत ती राठ होतात आणि घशात अडकतात, म्हणून चमच्याने खरवडून काढायची. शिजल्यावर ती सहज निघतात.

छोटे आर्टिचोक म्हणजे कोवळे, असं समजून लोक ते मोठे होण्याची वाट पाहतात किंवा त्यांना वेगळी जात मानतात. बहुतेकदा ते त्याच झाडाचे असतात. मधल्या दांड्यावरची कळी मोठी होते. खालच्या बगलेतल्या कळ्या लहानच राहतात, पण वयाने त्या पुरत्या भरलेल्या असतात. त्यांच्यात कुसळं जवळपास नसतात. बाहेरचे चार-सहा खवले काढले आणि टोक छाटलं की बाकी सगळं खाता येतं.

सगळे आर्टिचोक काटेरी असतात, हेही अर्धसत्य आहे. रोमच्या आसपासचा गोल, गरगरीत रोमानेस्को बिनकाट्याचा. सार्डिनियातल्या आणि लिगुरियातल्या आल्बेंगाच्या जातींना चांगले अणकुचीदार काटे असतात, पण त्यांचा आतला भाग इतका कोवळा की तो कच्चाच पातळ चिरून लिंबू, तेल, मीठ लावून खातात. फ्रान्समधला छोटा जांभळा आर्टिचोकही असाच कच्चा खाल्ला जातो. तेव्हा आर्टिचोक उकडलाच पाहिजे, असा नियम नाही.

तळण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण रोमच्या ज्यू वस्तीत सापडतं. 1555 मध्ये पोप पॉल चौथे यांनी शहरातल्या ज्यूंना तटबंदीच्या वस्तीत कोंडलं. त्या वस्तीच्या स्वयंपाकाची ओळख बनलेला पदार्थ म्हणजे ‘कार्चोफी आल्ला जुदिया’. रोमानेस्कोचे बाहेरचे राठ खवले काढून तो लिंबाच्या पाण्यात ठेवतात, मग पूर्ण निथळून, कोरडा करून मध्यम तापलेल्या तेलात देठ मऊ होईपर्यंत तळतात. बाहेर काढून थोडा गार झाला की खवले बोटांनी अलगद फाकवायचे आणि कडक तापलेल्या तेलात पुन्हा काही मिनिटं सोडायचा. खवले कुरकुरीत होतात, गाभा लोण्यासारखा राहतो. वर फक्त मीठ. घरी हा बिघडतो तो बहुतेक दोन तळण्यांचं एकच तळण केल्यामुळे: बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो.

याच पदार्थावरून 2018 मध्ये वाद झाला. अख्ख्या कळीत किडे राहिले तर ते दिसणार नाहीत, म्हणून हा पदार्थ कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारा, नाही, असं इस्रायलच्या मुख्य रब्बी कार्यालयातून सांगण्यात आलं. आपल्या आर्टिचोकचे खवले इतके घट्ट असतात की आत काही शिरतच नाही, असं रोमच्या ज्यूंचं म्हणणं होतं. तिथे तो आजही तळला जातो.

कापलेला आर्टिचोक काळा पडला म्हणजे खराब झाला, असं नव्हे. त्यातल्या पॉलिफेनॉल द्रव्यांचा हवेशी संबंध येतो, तेव्हा एन्झाइममुळे हा रंग येतो. लिंबाच्या पाण्याने तो थोपवता येतो. लोखंडी कढई किंवा साधी पोलादी सुरी मात्र वापरू नये. लोखंडामुळे भाजी करडी-निळी दिसते. स्टेनलेस स्टीलचं भांडं उत्तम. वाफेवर मध्यम आर्टिचोकला 30 ते 45 मिनिटं लागतात, कुकरमध्ये बरीच कमी. मधला खवला हलक्या हाताने निघून आला की शिजला.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत तो बरणीत मिळतो. मिठाच्या किंवा आंबट पाण्यातला असेल तर धुऊन, निथळून वापरावा. ताजे तुकडे घरीच तेलात घालून बाहेर ठेवणं मात्र धोक्याचं आहे. तेलाखाली हवा नसते, भाजी कमी आंबट असते, आणि अशा जागी बॉट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. तेलाने सगळं टिकतं ही समजूत इथे महागात पडू शकते.

आर्टिचोकनंतर साधं पाणी गोड लागतं, तो भास नव्हे. 1972 मध्ये लिंडा बार्टोशुक आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या परिणामाचा अभ्यास मांडला. आर्टिचोकसोबत वाइन निवडणं कठीण जातं, ते याचमुळे. यकृत ‘साफ’ होण्याचे दावे मात्र सावधपणे घ्यावेत. औषधी अर्क झाडाच्या मोठ्या पानांचा असतो, ताटातल्या कळीचा नव्हे. कळीत भरपूर तंतू आहेत, आणि ते कारण पुरेसं आहे.

जेरुसलेम आर्टिचोक हा याचाच प्रकार समजून पाककृतीत घातला, तर सगळंच फसतं. तो उत्तर अमेरिकेतल्या एका सूर्यफुलाचा कंद. 1605 मध्ये शाम्प्लँ या फ्रेंच प्रवाशाने त्याची चव आर्टिचोकसारखी असल्याचं नोंदवलं. त्याला सोलायला ना खवले, ना कुसळं. तो बटाट्यासारखा भाजतात किंवा त्याचं सूप करतात. त्यात इन्युलिन नावाचं तंतुद्रव्य भरपूर असल्याने पहिल्यांदा थोडाच खावा, नाहीतर पोटात वारा धरतो.

खरेदी करताना कळी घट्ट मिटलेली, हाताला जड लागणारी घ्यावी. दाबल्यावर ताजी कळी किंचित करकरते. कॅलिफोर्नियात हिवाळ्यात बाहेरच्या खवल्यांवर तपकिरी डाग असलेल्या कळ्या मिळतात, त्या अनेक जण बाजूला टाकतात. हिमकणांनी वरची साल भाजलेली असते, इतकंच. आतला गर चांगला असतो. खवले पसरलेले, सुकून वळलेले असतील, तर मात्र ती कळी जून आहे, ती घेऊ नये.