उतारावर गाडी थांबली पाहिजे

अलिबाग, रेवदंडा, मुरुड या पट्ट्यात जुनी गाडी सांभाळायची म्हणजे आधी खाऱ्या हवेशी गाठ. दारांचा पत्रा खालच्या कडेने फुगतो, सायलेन्सरला भोकं पडतात, ब्रेकचे लोखंडी पाइप गंजतात. पावसाचे चार महिने गाडी उभी राहिली की मागचे व्हील सिलिंडर हमखास जाम. त्यामुळे इथल्या गाडीला पार्ट लवकर लागतात आणि ते येतात बाहेरून. नवा माल मुंबईच्या ऑपेरा हाउसहून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून, तर तोडलेल्या गाड्यांचा माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. या वाटेवर तो किती हातांतून जातो, हे आपल्या गॅरेजवाल्यालाही पुरतं ठाऊक नसतं.

माझी गाडी मारुती ८००. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ला मालकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४मध्ये ८००चं उत्पादन थांबलं. रस्त्यावर या गाड्या अजून भरपूर आहेत, म्हणून त्यांच्या पार्टना मागणीही आहे. मागणी मोठी आणि गिऱ्हाईक हिशेबी, अशा ठिकाणी नकली मालाला आयतं रान मिळतं.

दुकानात मागचे ब्रेक लायनर मागितले की पहिला प्रश्न येतो, “दादा, ओरिजिनल देऊ की चालू?” खरं तर माल चार तऱ्हेचा असतो. एक, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. दोन, त्या कंपनीला पार्ट पुरवणारा कारखाना स्वतःच्या नावाने विकतो तो; हा बहुधा स्वस्त असतो आणि चांगलाही. तीन, अनोळखी नावाचा लोकल माल. तो कमी टिकेल, पण आपण कोण आहोत हे तरी लपवत नाही. चौथा माल नामांकित कंपनीचं नाव लावतो आणि बनतो भलतीकडेच. भीती या चौथ्याची, कारण त्याला आपण पहिल्याचे पैसे मोजतो.

आमचे मिस्त्री नवीन पार्ट हातात आला की डबा बाजूला ठेवतात. डब्याची नक्कल सर्वांत सोपी; शिवाय खऱ्या पार्टचे रिकामे डबे गोळा करून त्यांत खोटा माल भरणारेही आहेत. म्हणून पार्ट बसवून झाला की ते डबा फाडूनच टाकतात.

८००च्या तीन सिलिंडरना तीन स्पार्क प्लग लागतात. मिस्त्री प्लग उजेडात धरतात. पांढऱ्या चिनीमातीवरची अक्षरं रेखीव आहेत का, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यभागी आहे का, आट्यांवर कुठे खरखर लागते का, हे बघून झालं की बोटाने वॉशर फिरवतात. खऱ्या प्लगचा वॉशर फिरतो, पण सहजी निघून येत नाही. एकदा माझ्यासमोर एका प्लगचा वॉशर आटे ओलांडून त्यांच्या तळहातावर पडला. तिन्ही प्लग त्यांनी तसेच डब्यात घालून परत पाठवले. ऑइल फिल्टरला दुसरी परीक्षा: आतला रबरी पडदा मऊ हवा. तो कडक असला तर गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर इंजिन काही क्षण कोरडंच फिरतं.

प्लग खोटा निघाला तर गाडी मिसिंग मारेल, पेट्रोल जास्त खाईल, फार तर रस्त्यात बंद पडेल. ब्रेकचं तसं नाही. लायनर शूला नीट चिकटवलेला नसेल तर तापल्यावर सुटून येतो. व्हील सिलिंडरमधला रबरी कप हलक्या रबराचा असला तर ब्रेक ऑइलने फुगतो आणि चाक धरून ठेवतो. ब्रेक ऑइल तर हवेतली ओल शोषूनच घेतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषली की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५. खोट्या बाटलीत यातलं काय भरलंय, कोण सांगणार? कार्लेखिंड उतरताना पाय ब्रेकवरच असतो, ड्रम तापतात, ऑइल उकळलं की पाइपात वाफ धरते आणि पेडल खालपर्यंत पोकळ जातं. सपाटीवर महिनोन्‌महिने बरा चाललेला ब्रेक नेमका त्या वळणावर दगा देतो.

म्हणून माझ्या मते पार्ट घेताना किमतीच्या आधी एकच गोष्ट विचारावी: हा तुटला तर काय होईल? दाराचं हँडल, काच, बंपर, सीटची फ्रेम, डॅशबोर्ड हे जुन्या बाजारातून खुशाल घ्यावं. तोडलेल्या गाडीतून निघालेला कंपनीचा दरवाजा नव्या लोकल दरवाजापेक्षा चौकटीत चपखल बसतो. पण ब्रेक, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, चाकाचं बेअरिंग, रबरी होज आणि टायर यांत शंकेला जागा नको. इथे वापरलेला मालही नको; तो आधी किती झिजलाय हे डोळ्यांना दिसत नाही.

जुन्या मालाला आणखी एक शंका चिकटलेली असते, चोरीची. विशेषतः इंजिन घेताना त्यावरचा नंबर आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंधरा वर्षं झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा पेणच्या आरटीओत इंजिनावरचा नंबर आरसीशी जुळवून बघतात. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही तो घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

नकली मालासाठीही कायदा आहेच. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं नाव लावणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण तक्रार उभी राहते ती कागदावर. पॅकिंगवर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहकासाठी संपर्क हवा. पार्टचं नाव आणि नंबर लिहिलेलं पक्कं बिल हवं. “बिल कशाला, विश्वास नाही का?” असं कुणी म्हटलं तर शांतपणे बिलच मागावं. खरा माल विकणाऱ्याचं त्यात काही जात नाही.

जुनी गाडी चालवण्यात कमीपणा नाही. नीट राखलेली ८०० इथल्या अरुंद गल्ल्यांत अजूनही उत्तम चालते, आणि धडधाकट गाडी भंगारात घालण्यापेक्षा दुरुस्त करणं केव्हाही शहाणपणाचं. पण चौलच्या गल्लीतून शाळेत निघालेल्या पोराने आपल्या गाडीत कोणता लायनर बसवायचा हे ठरवलेलं नसतं. ते आपण ठरवतो. दोन-तीनशे रुपये वाचवायचे असतील तर ते बंपरमध्ये वाचवावेत, ब्रेकमध्ये नाही.