एका रुपयाच्या तिकिटाचे गणित

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ मध्ये देशात स्वस्त विमानसेवा सुरू केली. पुढे तिची एका रुपयाची तिकिटे गाजली, तेव्हा अनेकांना ती निव्वळ धूळफेक वाटली होती. ती धूळफेक नव्हती. मात्र एका रुपयात विमान उडते, असाही तिचा अर्थ नव्हता. तो दर मोजक्याच आसनांना लागू असे, कर वेगळे. बाकीची आसने चढत्या दराने विकली जात.

विमानाचे दार बंद झाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. भाजीवाला संध्याकाळी उरलेला माल पडत्या भावाने काढून टाकतो. विमान कंपनी सहसा नेमके उलट करते. सहलीला जाणारा महिनोन्‌महिने आधी तिकीट काढतो आणि भाडे वाढल्यास बेतच रद्द करतो. उद्याच्या बैठकीला किंवा आजारी आईकडे निघालेल्याला तशी मुभा नसते. म्हणून एकाच वर्गातील आसनांचे अनेक दरगट पाडलेले असतात. एक गट संपला की संगणक पुढचा, महागडा गट उघडतो. मागणी मंद असेल तर खालचा गट पुन्हा खुलाही होतो.

येथे कुटुंबवत्सल प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वस्त गटात तीनच आसने उरली असतील आणि आपण चार मागितली, तर अनेक आरक्षण प्रणाली चौघांनाही वरचाच दर दाखवितात. आधी एकाच आसनाचा भाव पाहिलेला बरा.

पारंपरिक कंपन्याही प्रवाशांत असा भेद करीतच होत्या. परतीचे तिकीट घ्या, शनिवारची रात्र तिकडेच काढा, अशा अटी पाश्चात्त्य देशांत रूढ होत्या. दरांची उतरंड एका रात्रीत उचलता येते. उचलता येत नाही तो खर्चाचा सांगाडा. अमेरिकेच्या साउथवेस्टने १९७१ पासून तो घडविला : एकाच जातीची विमाने, एकच वर्ग, फुकट जेवण नाही आणि उतरलेले विमान अर्ध्या तासाच्या आत पुन्हा आकाशात. विमान जमिनीवर असताना कमावत नाही, हप्ते मात्र चालूच राहतात.

भारतात किंगफिशरने २००७ मध्ये एअर डेक्कनमध्ये मोठा हिस्सा घेतला, जेटने त्याच वर्षी सहारा विकत घेतली. भाडी स्वस्त कंपन्यांशी स्पर्धा करणारी आणि खर्च मात्र थाटामाटाचा, ही कसरत दोघींनाही पेलली नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये. अर्थात स्वस्त कंपन्याही वाचल्याच असे नाही. इंजिनांच्या बिघाडांनी जेरीस आलेली गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली.

परिणामी २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोकडे होते. त्या डिसेंबरमध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना तिचे वेळापत्रक कोसळले आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. इतर विमानांत उरलेल्या थोड्या आसनांवर सारी गर्दी लोटली, संगणकाने नेहमीप्रमाणे वरचे गट उघडले आणि भाडी कित्येक पटींनी चढली. अखेर सरकारने ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला ७,५०० रुपये, अशी अंतरानुसार तात्पुरती कमाल मर्यादा घातली.